नॉक्टुआ एनएच-डी१५ : दोन पंखे, एक हेडर

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या एनएच-डी१५ या कूलरविषयी आजवर जे लिहिले गेले आहे त्याचा बहुतेक भाग तापमानाच्या आकड्यांनी आणि आवाजाच्या मोजमापांनी भरलेला असतो, आणि ते स्वाभाविकही आहे. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीने २०१४ मध्ये आणलेला हा दोन मनोऱ्यांचा, सहा हीटपाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) कूलर पुढे अनेक वर्षे इतर कूलर पारखण्याची मोजपट्टी होऊन बसला. खोके उघडून तो स्वतःच्या हाताने बसवणारा माणूस मात्र पहिल्यांदा अडखळतो ते पंख्यांच्या दोन वायरी हातात धरून मदरबोर्डकडे पाहताना. प्रोसेसरसोबत मिळालेल्या जुन्या कूलरला पंखा एक होता, वायर एक होती आणि ती जिथे जायची ती जागाही एकच होती. आता पंखे दोन आहेत आणि ‘सीपीयू_फॅन’ असे छापलेले हेडर, म्हणजे पंख्याची वायर जोडण्याची पिनांची जागा, अजूनही एकच आहे. मी हा कूलर वापरतो आहे, त्याची थंड करण्याची क्षमता मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच या परीक्षणात तिच्यावर फारसे न लिहिता त्या दोन वायरींवर लिहिणार आहे. या कूलरकडून मिळणारी शांतता मला धातूच्या पात्यांइतकीच या जोडणीवर अवलंबून असलेली आढळली.

खोक्यात काय येते ते आधी सांगतो. दोन एनएफ-ए१५ पीडब्ल्यूएम पंखे (म्हणजे ज्यांना गतीची आज्ञा वेगळ्या, चौथ्या तारेवरून मिळते असे), वजनदार हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा), इंटेल आणि एएमडी या दोन्हींच्या सॉकेटसाठी बसवण्याचे सामान, थर्मल पेस्टची नळी, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, आवाज कमी करणारे दोन अॅडॅप्टर, आणि इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची एक आखूड वायर. ही शेवटची वस्तू पुष्कळ जण खोक्यातच विसरतात. माझ्या मते सामानातली सर्वांत मोलाची जोडवस्तू तीच आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी बसवण्याच्या क्रमाविषयी लिहिणे भाग आहे, कारण क्रम चुकला की पुढची सगळी जोडणी बोटांची परीक्षा घेते.

दोन्ही पंख्यांसह या कूलरचे वजन १३२० ग्रॅम आणि उंची १६५ मिलिमीटर आहे. तो एकदा बसला की मदरबोर्डचा वरचा सगळा भाग त्याच्या सावलीत जातो, आणि बहुतेक बोर्डांवर ‘सीपीयू_फॅन’ हेडर नेमके याच भागात, वरच्या कडेला किंवा रॅमच्या खाचांच्या डोक्याशी असते. माहितीपुस्तिकेत कूलर आधी बसतो आणि वायरी शेवटी जोडल्या जातात. मोकळ्या टेबलावर ठेवलेल्या बोर्डासाठी तो क्रम ठीक आहे. पण बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवलेला असेल आणि वर छताचा पत्रा किंवा पंखे असतील, तर शेवटी हेडरपर्यंत दोन बोटेही धड पोहोचत नाहीत. पहिल्या वेळी मी पुस्तिकेप्रमाणे गेलो, आणि टॉर्च दातांत धरून चिमट्याने कनेक्टर बसवण्याचा प्रसंग स्वतःवर ओढवून घेतला. आता मी ती वाय वायर कूलर ठेवण्याआधीच हेडरवर घट्ट बसवतो, तिचे दोन्ही फाटे बोर्डाच्या कडेला बाहेर काढून ठेवतो आणि मग हीटसिंक खाली ठेवतो. स्क्रू आवळण्यासाठी मधला पंखा काढावाच लागतो. तो परत चढवताना त्याची वायर वरच्या बाजूने बाहेर आलेली असली की ती फाट्याला जोडणे उघड्यावरचे, सोपे काम होते.

पंख्यांच्या दिशेबद्दल दोन वाक्ये पुरेत. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, आणि समोरचा व मधला असे दोन्ही पंखे एकाच दिशेने, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे, हवा ढकलणारे असावे लागतात. एक उलटा बसला तरी संगणक सुरू होतो आणि दोघांच्या फेऱ्यांचा आकडाही पडद्यावर अचूक दिसतो, त्यामुळे ही चूक वायरी तपासून कधीच सापडत नाही.

आता कनेक्टर. त्याला चार छिद्रे असतात आणि एका अंगाला दोन बारीक कंगोरे असतात. हेडरवर पिनांच्या मागे प्लॅस्टिकची एक उभी जीभ असते, आणि कंगोऱ्यांनी ती जीभ कवेत घ्यावी अशी रचना केलेली असते. म्हणून कनेक्टर उलटा बसत नाही. ही जीभ चारही पिनांच्या मागे पसरलेली नसून पहिल्या तीन पिनांपुरतीच असते. या साध्या युक्तीमुळे जुन्या तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या हेडरवर बसतो आणि चार पिनांचा पंखा तीन पिनांच्या हेडरवरही बसतो. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे असे समजून थांबावे. वाकलेली पिन सरळ करता येते. तुटलेल्या पिनेसाठी मात्र डाग देण्याचे काम येणाऱ्या कारागिराकडे बोर्ड न्यावा लागतो.

चार पिनांचे काम समजून घेतले तर पुढचे सगळे निर्णय आपोआप सुचतात. पहिली पिन ग्राउंडची, दुसरी १२ व्होल्टची. तिसऱ्या पिनेवरून पंखा बोर्डाला आपल्या फेऱ्या कळवतो. त्याच्या आतील सेन्सर प्रत्येक फेऱ्यात दोन स्पंद पाठवतो, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे, अर्थात सेकंदाला २५ फेरे घेणारा पंखा दर सेकंदाला ५० स्पंद पाठवतो आणि बोर्डावरील चिप ते मोजून पडद्यावर १५०० हा आकडा दाखवते. चौथ्या पिनेवरून उलट दिशेने आज्ञा जाते. इंटेलने चार तारांच्या पंख्यांसाठी जे मानक ठरवून दिले त्यात या आज्ञेची वारंवारता २५ किलोहर्ट्झ धरलेली आहे आणि २१ ते २८ किलोहर्ट्झपर्यंतची मुभा आहे. म्हणजे एक आवर्तन ४० मायक्रोसेकंदांचे. त्यातील १२ मायक्रोसेकंद आज्ञा ‘चालू’ असेल तर पंख्याला ३० टक्के गतीची सूचना मिळाली. ही वारंवारता माणसाच्या कानाच्या पल्ल्याबाहेर ठेवलेली आहे, त्यामुळे गती बदलताना मोटरमधून गुणगुण ऐकू येत नाही.

वेगळी चौथी तार का लागली, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. तीन पिनांच्या पंख्याची गती कमी करायची तर त्याचा व्होल्टेजच कमी करावा लागतो. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेला की पंखा सुरूच होत नाही. व्होल्टेज कमी करण्याऐवजी तो तुकड्यातुकड्यांनी चालू-बंद केला, तर फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरचा पुरवठाही तुटत राहतो आणि आकडा बिघडतो. चार पिनांच्या पंख्यात १२ व्होल्ट अखंड मिळत राहतात, सेन्सर निर्धास्तपणे काम करतो आणि गतीची आज्ञा स्वतंत्र तारेवरून येते. एनएफ-ए१५ पंखा ३०० ते १५०० फेऱ्यांच्या दरम्यान हवा तिथे ठेवता येतो तो या व्यवस्थेमुळे. याच मानकात आणखी एक शहाणपणाची तरतूद आहे: चौथ्या तारेवर काहीच आले नाही तर पंख्याने पूर्ण गतीने फिरावे. म्हणून पंखे अचानक सतत घोंघावू लागले, तर ते बिघडल्याची शंका घेण्याआधी चौथ्या पिनेपर्यंत आज्ञा पोहोचते आहे का ते पाहावे.

वाय वायरीचे महत्त्व इथे उलगडते. तिच्या एका टोकाला हेडरवर बसणारा कनेक्टर आहे आणि दुसऱ्या बाजूला पंख्यांसाठी दोन फाटे आहेत. ग्राउंड, १२ व्होल्ट आणि आज्ञेची तार या तिन्ही दोन्ही फाट्यांना मिळतात. फेऱ्या कळवणारी तार मात्र एकाच फाट्याला जोडलेली असते आणि दुसऱ्या फाट्यातील ती जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. बारकाईने पाहिले तर एका फाट्यात तीनच तारा जाताना दिसतात. बोर्डाला त्यामुळे एकाच पंख्याच्या फेऱ्या दिसतात, आणि जोडणी नीट आहे याची ती खूण आहे. दोन्ही पंख्यांचे स्पंद एकाच तारेवर सोडले तर ते एकमेकांत मिसळतात आणि मोजणाऱ्या चिपला दोन माणसे एकाच वेळी आकडे सांगत असल्यासारखी अवस्था होते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. या कूलरच्या आधी एका दुसऱ्या जोडणीसाठी मी कुठलेही नाव न छापलेला एक स्वस्त स्प्लिटर, म्हणजे अशीच फाटे असलेली वायर, आणला होता, आणि त्यात चारही तारा दोन्ही फाट्यांना सरसकट जोडलेल्या होत्या. पंखे उत्तम फिरत होते, पण बायॉसमधला (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांच्या पडद्यावरचा) आकडा कधी खऱ्या फेऱ्यांइतका, कधी त्याच्या जवळपास दुप्पट, तर मध्येच भलताच दिसायचा. मी आधी पंखे बदलून पाहिले, मग हेडर बदलून पाहिले, बायॉसची नवी आवृत्तीही टाकली, आणि बराच वेळ वाया घालवल्यावर त्या वायरीच्या तारा मोजल्या. दुसऱ्या फाट्यातील तिसऱ्या जागेची धातूची टाचणी सुईने मागे ओढून काढली आणि आकडा स्थिर झाला. स्प्लिटर विकत घेताना तारा मोजण्याची सवय मला तेव्हापासून लागली आहे, आणि या कूलरसोबत योग्य वायर आधीच दिलेली असते याचे महत्त्वही तेव्हापासून कळते.

एका हेडरवर दोन पंखे लावल्याने बोर्ड जळेल, ही भीती पुष्कळांना वाटते आणि तिचे उत्तर बेरजेत आहे. सर्वसाधारण मदरबोर्डाचे पंख्याचे हेडर १ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टवर १२ वॉट देण्यासाठी बनवलेले असते. नेमका आकडा बोर्डाच्या पुस्तिकेत छापलेला असतो आणि तो पाहूनच पुढे जावे. एनएफ-ए१५ पंखा जास्तीत जास्त ०.१३ अँपिअर घेतो. दोघांचे मिळून ०.२६ अँपिअर, म्हणजे साधारण ३.१ वॉट झाले. हेडरच्या क्षमतेचा चौथा हिस्सा आणि वर थोडेसे. पंखा स्थिर अवस्थेतून फिरू लागताना क्षणभर अधिक करंट ओढतो, ते धरूनही इथे ऐसपैस जागा उरते. सर्व्हरसाठी बनवलेल्या दणकट पंख्यांची गोष्ट वेगळी. त्यांतला एकेक पंखा एकटाच १ अँपिअरच्या वर जाऊ शकतो आणि अशांना स्प्लिटरवर घालणे हा निव्वळ अविचार आहे. करंटचा आकडा पंख्याच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल लेबलावर असतो, तो वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही.

आता ज्यांच्या बोर्डावर ‘सीपीयू_ऑप्ट’ नावाचे दुसरे हेडर आहे ते विचारतील की मग वाय वायर हवी कशाला. एक पंखा पहिल्यावर, दुसरा दुसऱ्यावर लावावा. तसे केल्यास चालते. बऱ्याच बोर्डांवर हे दुसरे हेडर पहिल्याच्याच आज्ञेवर चालते, आणि दोन्ही पंख्यांच्या फेऱ्या वेगवेगळ्या दिसतात हा त्याचा खरा फायदा आहे. वाय वायरीवर ज्या पंख्याचा आकडा दिसत नाही तो बंद पडला तर बोर्डाला त्याचा पत्ता लागत नाही, ही तिची उणीव मान्य केलीच पाहिजे. तरीही मी वाय वायरीचीच बाजू घेतो. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी असलेल्या हेडरवर दुसरा पंखा लावला, तर त्याचा आलेख, म्हणजे कोणत्या तापमानाला किती गती हे ठरवणारी रेषा, वेगळा असतो, तापमान मोजण्याची जागाही वेगळी असू शकते, आणि एकाच हीटसिंकवरचे दोन पंखे आपापल्या मर्जीने गती बदलत राहतात. कानाला ते लगेच खटकते. वाय वायरीवर एकच आज्ञा, एकाच क्षणी, दोघांना मिळते. न दिसणाऱ्या पंख्याची काळजी वाटत असेल तर कॅबिनेट उघडून धूळ झटकताना तो फिरतो आहे ना हे डोळ्यांनी पाहावे. मी आकडा दाखवणारा फाटा मधल्या पंख्याला देतो. कारण समोरचा पंखा कॅबिनेटच्या काचेतून दिसतो आणि मधला दिसत नाही.

याच संदर्भात एक बारकावा नमूद करण्याजोगा आहे. एकाच आज्ञेवरचे दोन पंखे जवळजवळ सारख्या गतीने फिरतात, पण तंतोतंत सारख्या नव्हे, आणि दोन जवळजवळ सारखे स्वर एकत्र आले की त्यांची तीव्रता संथपणे वरखाली होते. तंबोऱ्याच्या तारा किंचित विसंवादी लागल्या की जी लहर ऐकू येते, तीच ही. माझ्या खोलीत ती कमी गतीवर जाणवत नाही. मध्यम गतीला, रात्री, कान लावल्यावर ऐकू येते. या कूलरची दुसरी पिढी, एनएच-डी१५ जी२, २०२४ मध्ये आली तेव्हा तिच्या दोन पंख्यांच्या गतीत नॉक्टुआने मुद्दाम थोडा फरक ठेवला, तो हा परिणाम टाळण्यासाठीच. माझ्याकडे पहिली पिढी आहे आणि एवढ्या कारणासाठी ती बदलावी असे मला वाटलेले नाही.

पहिल्यांदा संगणक सुरू करताना जो प्रसंग बऱ्याच जणांवर येतो तो माझ्यावरही आला: काळ्या पडद्यावर सीपीयूच्या पंख्यात दोष असल्याची सूचना आणि पुढे जाण्यासाठी एफ१ दाबण्याची विनंती. या सूचनेची कारणे मोजकी आहेत. ‘सीपीयू_फॅन’ हेडर मोकळे सोडून दोन्ही पंखे दुसरीकडे लावले, तर बोर्डाला त्या हेडरवर स्पंद मिळत नाहीत आणि प्रोसेसर उघडा पडला आहे असा त्याचा रास्त समज होतो. माझे कारण निराळे निघाले. एक पंखा बसवताना बाजूला ठेवला होता तो जोडायचा राहिला, आणि जोडलेला पंखा नेमका फेऱ्या न कळवणाऱ्या फाट्यावर गेला; पंखा डोळ्यांसमोर फिरतो आहे आणि बोर्ड तो नाही म्हणतो आहे, असा तो विनोदी प्रकार होता. तिसरे कारण मोठ्या, संथ पंख्यांच्या बाबतीत घडते. असूसच्या बोर्डांच्या बायॉसमध्ये सीपीयूच्या पंख्याच्या गतीची खालची मर्यादा ठरवता येते आणि तिथे २०० ते ६०० फेऱ्यांपर्यंतचे पर्याय असतात. मर्यादा ६०० वर असेल आणि पंखा शांतपणे ४५० वर फिरत असेल, तर तो पूर्ण निरोगी असूनही दोषी ठरतो. मर्यादा २०० वर आणावी. ती दुर्लक्षित करण्याचाही पर्याय तिथे असतो, पण तो निवडला तर पंखा खरोखर थांबला तरी बोर्ड गप्प बसेल, म्हणून पाण्यावर चालणाऱ्या कूलरचा पंप दुसऱ्या हेडरवर असल्यासारखे सबळ कारण असल्याशिवाय तो मी निवडणार नाही.

बायॉसमध्ये शिरल्यावर सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे त्या हेडरची पद्धत. असूसमध्ये या भागाला क्यू-फॅन म्हणतात, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन. नावे वेगळी असली तरी पीडब्ल्यूएम, डीसी आणि ऑटो हे पर्याय सगळीकडे सापडतात. आपले पंखे चार पिनांचे आहेत, तेव्हा पीडब्ल्यूएम निवडावे आणि ऑटोवर विसंबू नये. हेडर डीसीवर राहिले तर बोर्ड व्होल्टेजच कमी करतो. पंखा फिरतो, पण खालच्या टोकाला तो अडखळतो किंवा सुरूच होत नाही, आणि ज्या चौथ्या तारेसाठी एवढा खटाटोप केला ती निरुपयोगी ठरते. जुन्या बोर्डांवर आणखी एक फसगत असते. सीपीयूचे हेडर खरे पीडब्ल्यूएमचे असते, पण कॅबिनेटच्या पंख्यांची हेडरे चार पिनांची दिसूनही आतून फक्त व्होल्टेज बदलणारी असतात. पिना मोजून हा फरक कळत नाही, त्यासाठी पुस्तिकाच उघडावी लागते.

गतीचा आलेख हा प्रत्येकाच्या कानाचा आणि प्रोसेसरचा प्रश्न आहे, पण या कूलरच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगता येते: त्याला घाई करू देऊ नये. आजचे प्रोसेसर एखादे ब्राउझरचे पान उघडतानाही क्षणभर गती वाढवतात आणि त्यांच्या अंतर्भागाचे तापमान एका दमात दहा-पंधरा अंशांनी उडी घेऊन परत खाली येते. हीटसिंक स्वतः किलोभर वजनाचा आहे. ती क्षणिक उष्णता तो पंख्याच्या मदतीशिवाय सहज पोटात घेतो. बोर्डाचा मूळ आलेख मात्र प्रत्येक उडीला प्रतिसाद देतो आणि पंखे सारखे धापा टाकल्यासारखे चढउतार करतात. यावर उपाय म्हणजे गती वाढवण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सूचना, जी काही बायॉसमध्ये ‘स्टेप अप’ वेळेच्या नावाखाली असते. मी ती ४ सेकंदांच्या आसपास ठेवली आहे, आणि उतरण्याची वेळ त्याहून जास्त. आलेख ५० अंशांपर्यंत ३० टक्क्यांवर सपाट आहे, ७० अंशांना ६० टक्के आणि ८५ अंशांना पूर्ण. एवढे केल्यावर लिहिताना, वाचताना, चित्रफीत पाहताना कूलर चालू आहे हे आठवण्यासाठी मान वळवून पाहावे लागते. जोडणी तीच, पंखे तेच. मूळ आलेखावर हाच कूलर मला त्रासदायक वाटला होता.

आवाज कमी करणाऱ्या अॅडॅप्टरांबद्दल माझे मत थोडे कडक आहे. ही एका रोधकाची छोटी वायर असते. ती पंखा आणि हेडर यांच्यामध्ये घातली की वरची गती १५०० वरून १२०० फेऱ्यांवर येते. ज्यांच्या बोर्डाला गतीचा आलेख नीट आखता येत नाही त्यांच्यासाठी तिचा उपयोग आहे. ज्यांना आलेख आखता येतो त्यांनी ती खोक्यातच ठेवावी. वरचे ३०० फेरे क्वचित लागतात, पण ज्या दिवशी सर्व कोअर तासभर राबतात त्या दिवशी ते हाताशी असलेले बरे. दोनपैकी एकाच पंख्याला अॅडॅप्टर लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र मानू नये, कारण मग बोर्डाला दिसणारा आकडा एका पंख्याचा असतो आणि दुसरा वेगळ्याच गतीने फिरत असतो.

जुन्या पंख्यांपैकी एखादा वाय वायरीवर टाकण्याचा मोह होतो, त्याविषयीही लिहायला हवे. याच कूलरचा पूर्वज, २००९ चा एनएच-डी१४, मूळ रूपात तीन पिनांचे पंखे घेऊन आला होता, आणि त्या पिढीतले पंखे आजही धडधाकट चालतात. असा पंखा पीडब्ल्यूएमच्या फाट्यावर लावला तर त्याला अखंड १२ व्होल्ट मिळतात, आज्ञेची तार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि शेजारचा ४०० फेऱ्यांवर डुलकी घेत असताना तो पूर्ण गतीने धावत राहतो. हेडर डीसीवर घेतले तर दोघेही व्होल्टेजवर चालतील, पण मग नव्या पंख्याचा खालचा पल्ला गमावला. तीन पिनांच्या पंख्याला स्वतःचे, डीसीवर ठेवलेले हेडर द्यावे.

हबचा, म्हणजे अनेक पंखे एकत्र जोडणाऱ्या पेटीचा, प्रश्न एनएच-डी१५ पुरता उद्भवत नाही, तरी संगणकात आणखी चार-पाच पंखे असतील तर तो येतो. हबला वीज एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीच्या, साटा वायरीवरून मिळते आणि बोर्डाकडून तो फक्त आज्ञा घेतो व एका पंख्याच्या फेऱ्या परत कळवतो. हेडरवर भार असा पडतच नाही. आर्क्टिक कंपनीच्या पीएसटी नावाच्या पंख्यांमध्ये तर प्रत्येक पंख्याच्या वायरीलाच पुढचा पंखा जोडण्याची सोय असते आणि स्प्लिटरची गरज उरत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की कूलरचे पंखे या गोतावळ्यात मिसळू नयेत. कॅबिनेटचे पंखे हबवर जाऊ द्यावेत आणि ‘सीपीयू_फॅन’ हेडर फक्त या दोघांसाठी राखावे, म्हणजे पडद्यावरचा आकडा कोणाचा आहे याबद्दल कधीही शंका राहत नाही.

कूलर म्हणून ज्या अडचणी आहेत त्या आकाराच्या आहेत आणि कंपनी त्या लपवत नाही. दोन्ही पंख्यांसह रॅमची उंची ३२ मिलिमीटरच्या आत असावी लागते; उंच झाकणांची रॅम असेल तर समोरचा पंखा वर सरकवावा लागतो आणि मग कॅबिनेटची रुंदी पुरेल का हे मोजावे लागते. समोरचा पंखा लावलाच नाही तर ६४ मिलिमीटरपर्यंतची रॅम बसते, आणि तेव्हा वाय वायरही लागत नाही. पंख्यांचा तपकिरी रंग काहींना मुळीच आवडत नाही. मला त्याचे काही वाटत नाही, कारण माझ्या कॅबिनेटची काच भिंतीकडे आहे. पंख्यांच्या वायरी आखूड ठेवलेल्या आहेत आणि वाय वायरही तशीच आहे, त्यामुळे हेडर जवळ असेल तर गुंता होत नाही. हेडर दूर, बोर्डाच्या खालच्या टोकाला असेल तर जोडवायर घ्यावी लागेल.

ज्यांचा प्रोसेसर तासन्‌तास राबतो आणि ज्यांच्या कॅबिनेटमध्ये १६५ मिलिमीटरची जागा आहे, त्यांना मी हा कूलर निःसंकोच सुचवतो. विकत घेण्यापूर्वी आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेतील हेडरांचे पान उघडून ‘सीपीयू_फॅन’ कुठल्या कोपऱ्यात आहे, किती अँपिअर देते आणि पीडब्ल्यूएमवर चालते का, एवढ्या तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात; आणि कूलर घरी आल्यावर हीटसिंक हातात घेण्याआधी ती आखूड वाय वायर शोधून बोर्डावर बसवावी.